ऑर्लीनाचा षड्ज

निष्ठा आणि भीती या दोघींचे बाह्यरूप पुष्कळदा इतके सारखे असते की, त्या ज्याच्या अंतःकरणात वसतात त्यालाही त्यांतली कोणती कोण हे ओळखता येत नाही. थोरल्याचा मान राखावा हे खरे. त्याने आखलेल्या वाटेने चालावे हेही खरे. परंतु ज्या दिवशी थोरल्याला चालणेच अशक्य होते आणि तो आपल्या हाताने धाकट्याला पुढे करतो, त्या दिवशी ‘तुझ्यापुढे मी कशी जाऊ’ असे म्हणत जागच्या जागी उभे राहणे हा मान म्हणावा, की मानाचे पांघरूण घेतलेला संकोच? केंटकीच्या डोंगरांत, लॉरेल फोर्क नावाच्या ओढ्याकाठी जन्मलेल्या ऑर्लीना स्टिडम या गायिकेपुढे हा प्रश्न ऐन चाळिशीत, भर दुपारी, सगळ्या मुलखाच्या देखत उभा राहिला. आणि त्याचे उत्तर द्यायला तिला एका गाण्याच्या प्रारंभाएवढाच अवधी मिळाला.

तिचा बाप इनॉस आठवडाभर कोळशाच्या खाणीत उतरे आणि रविवारी प्रार्थनामंदिरात ओळ देई. त्यांच्या पंथाच्या मंदिरात वाद्याला प्रवेश नव्हता. एका पुरुषाने उभे राहून स्तोत्राची ओळ झपाट्याने उच्चारायची आणि मग सर्व सभेने ती उचलून, संथपणे, वळणावळणाने लांबवत न्यायची, अशी तेथली रीत. ओळ देणे हे पुरुषाचे काम; बायकांनी ती घ्यायची. ऑर्लीना ओळ अशी घेई की, पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या माना वळवून पाहत. एकदा घरी परतताना इनॉस बायकोला म्हणाला की, आपल्या पोरीचा आवाज धुराड्यातल्या धुरासारखा सरळ वर जातो. त्यावर त्या माउलीने उत्तर दिले, “धूर वर गेला तरी चूल खालीच असते, तेवढं तिला सांगून ठेवा.”

तिचा थोरला भाऊ होबार्ट तिच्याहून बराच मोठा. त्याने गिटार मिळवली तेव्हा बापाची एकच अट होती : रविवारी तिला हात लावायचा नाही. उरलेले सहा दिवस ओसरी त्याची होती. होबार्टचा गळा उंच, धारदार आणि काहीसा एकाकी होता. डोंगराच्या एका कुशीतून हाक द्यावी आणि दुसऱ्या कुशीने ती ऐकावी, अशा जातीचा. तो गाऊ लागला की, ऑर्लीना कोणी न शिकवता त्याच्या सुराच्या वर दुसरा सूर धरी. भाऊ वळला की ती वळे, तो थांबला की ती थांबे, आणि दोन्ही स्वर जिथे एकमेकांना घासत, तिथे ऐकणाराच्या अंगावर काटा उभा राही. घरात भावाला सगळे ‘बब’ म्हणत, तीही म्हणे.

हॅझर्ड गावच्या रेडिओवर दर शनिवारी सकाळी एका पिठाच्या गिरणीच्या वतीने गाण्यांचा कार्यक्रम होई. तिथे होबार्टने तिला प्रथम नेले तेव्हा ती परकर सावरत खोक्यावर उभी राहून गायली. पुढच्या आठवड्यात गिरणीवाल्याने निरोप धाडला की, पीठ कसे खपवायचे ते आपले आपण पाहू, त्या पोरीला मात्र पुन्हा आणा. त्यानंतर तिचे आयुष्य गाण्याच्या बाहेर असे राहिलेच नाही.

मंडळी जमली. बँजोला डेन्व्हर कोम्ब्स आला, ज्याची बोटे जिभेपेक्षा वेगवान आणि जीभ इतर कोणाच्याही बोटांपेक्षा वेगवान. फिडल धरून वृद्ध लाँझो आला, आणि त्याच्या मागोमाग मँडोलिन घेऊन त्याचा मुलगा व्हर्जिल. होबार्ट गिटार घेऊन मध्ये. राहिला तो बास, पुरुषाहून उंच असे ते तंतुवाद्य. आणि ज्या घरात गाणारी बहीण असेल तिथे बास तिच्या गळ्यात पडावा ही त्या मुलखातली जुनी रीत. त्यामागे शास्त्र काहीच नव्हते. बास मागे उभा राहतो आणि बहिणीनेही मागे उभे राहावे, एवढेच. ताफ्याचे नाव ‘लॉरेल फोर्क बॉइज’ असे पडले आणि ते कोणालाच खटकले नाही. निवेदक दर वेळी सांगे की, या पाच मुलांतला एक जण झगा घालतो. लोक दर वेळी हसत.

ऑर्लीनाचा नवरा ॲन्सल लाकडाच्या वखारीत कामाला होता. गाडी घेऊन ताफा निघाला की, बासची मान पुढच्या दोन आसनांच्या मधून बाहेर येई आणि ऑर्लीना तिच्यावर डोके टेकून झोपे. ॲन्सल वखारीत सर्वांना सांगे, “माझ्या बायकोला दोन नवरे. दुसरा माझ्याहून उंच आहे, आणि त्याला गाडीत पुढची जागा लागते.”

परंतु एकदा का ते पाच जण रंगमंचावर चढले की थट्टेला जागा उरत नसे. पाचांना मिळून ध्वनिक्षेपक एकच. गाणारा मध्ये येई. त्याची ओळ संपते न संपते तोच बँजोवाला खांदा तिरका करून आत शिरे, त्याच्या काखेखालून फिडलचा गज बाहेर निघे, मँडोलिनवाला अर्धे पाऊल मागे सरे, आणि ध्रुवपद आले की होबार्ट मध्ये, डेन्व्हर त्याच्या डावीला आणि बास व्हर्जिलच्या हाती सोपवून उजवीकडून धावत आलेली ऑर्लीना, अशी तीन डोकी एका फुलाच्या पाकळ्यांसारखी जवळ येत. हे सर्व भरधाव घोड्याच्या लयीत. कोणी कोणावर आदळत नसे. त्या वेळी ऑर्लीनाच्या पायांत बळ कोठून येई ते तिलाही सांगता येत नसे; आपण धावत आहोत आणि जमीनही आपल्याबरोबर धावत आहे, असे तिला वाटे. गावोगावच्या शाळांतून, न्यायालयांच्या पायऱ्यांवरून, मोटारीत बसून चित्रपट पाहायच्या मैदानांतल्या दुकानांच्या छपरांवरून ते गायले. तबकड्या निघाल्या. ओहायोच्या कारखान्यांत कामाला गेलेली डोंगरातली माणसे त्या तबकड्या ऐकून घरच्या आठवणीने व्याकूळ होत.

येथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, कारण पुढचे सर्व तिच्यावर उभे आहे. प्रत्येक गळ्याचा षड्ज निराळा. होबार्टची पट्टी त्याच्या गळ्याच्या मापाने ठरलेली होती, आणि ताफ्यातले प्रत्येक बोट त्या पट्टीत वाढले होते. तिच्यात ऑर्लीना वरचा सूर लीलया धरी, कारण तो वरचाच होता. परंतु मुख्य गाणे स्वतः म्हणायचे तर तिचा षड्ज होबार्टच्या मध्यमावर पडे. जिथे भावाच्या शिडीची चौथी पायरी, तिथे बहिणीचे अंगण. हे सर्वांना ठाऊक होते. आजवर त्याची गरज कोणाला पडली नव्हती.

एका हिवाळ्यात होबार्टचा आवाज बसला आणि वसंत आला तरी उठला नाही. लेक्सिंग्टनच्या शल्यवैद्यांनी गळ्यातली गाठ काढली, जीव वाचवला आणि सांगितले की, यापुढे कुजबुज एवढीच काय ती. घरी परतल्यावर त्याने दोन दिवस कोणाशी कुजबुजही केली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने साऱ्या ताफ्याला आपल्या स्वयंपाकघरात जेवायला बोलावले. घेवड्याचे दाट कालवण आणि मक्याचा पाव पुढे आल्यावर तो टेबलावर वाकला. बाकीचेही वाकले, कारण त्याशिवाय ऐकू येणे शक्य नव्हते. तो इतकेच म्हणाला की, ऑर्लीना मध्ये येईल, गिटार ती घेईल, आणि बास मी धरीन.

मग डेन्व्हरने पाव मोडला.

“म्हणजे आता ‘बॉइज’ची म्होरकी बाई.”

“नाव तेच राहू दे,” होबार्ट कुजबुजला. “पत्रकं छापून झालीत.”

ऑर्लीना रडली, नको म्हणाली आणि अखेर कबूल झाली. पण तिने एक अट घातली. गाणी बबच्याच पट्टीत होतील. लोकांच्या कानांत ती तशीच बसली आहेत, ताफ्याच्या बोटांत ती तशीच बसली आहेत, आणि भाऊ मागे उभा असताना त्याचा षड्ज उचलून बाजूला ठेवायला आपण काही त्याचे दिवस घालायला निघालेलो नाही. डेन्व्हरला हे मनापासून आवडले. ऑर्लीनाच्या पट्टीत बँजोच्या मोकळ्या तारा साथ देत नाहीत, असे त्याचे गाऱ्हाणे होते.

होबार्टला मात्र ते आवडले नाही. तो म्हणाला, “ऑर्ली, ती पट्टी माझ्या मापाची आहे. माझा कोट अंगावर घालून तू नाचायला निघालीयस.”

“लोकांना तो कोट ओळखीचा आहे, बब.”

“कोट ओळखीचा आहे. आत कोण आहे ते कसं कळणार त्यांना?”

ती ताटे उचलू लागली. आपण भावाचा मान राखला, या विचाराने तिला त्या रात्री चांगली झोप लागली. मान राखण्याच्या आत दुसरेही काही लपले होते. आजवर तिने एकही गाणे स्वतः सुरू केले नव्हते. मंदिरात ओळ बापाने दिली, मंचावर भावाने. परंतु हा विचार तिच्या मनात आला नाही, किंवा आला तेव्हा तिने त्याला बसायला पाट दिला नाही.

तालमी झाल्या. भावाच्या पट्टीत तिचा स्वर खालच्या सप्तकात उतरे आणि तिथे आडाच्या तळाशी आपटणाऱ्या रित्या बादलीसारखा वाजे. वर दुसरा सूर घ्यायला डेन्व्हर होता, आणि तो बिचारा तिच्याहून मोठ्याने ऐकू येई. शिवाय पायांची सवय जाईना. ध्रुवपद आले की, ती मध्ये येण्याऐवजी आपल्या जुन्या जागी, उजवीकडे सरके. ध्वनिक्षेपकासमोर एक माणूसभर पोकळी राही आणि तिच्या दोन्ही अंगांनी दोघे जण गात राहत. लाँझो एकदा फिडल खाली करून म्हणाला, “मधे कुणाला उभं केलंयस, बाई? आम्हाला दिसत नाही म्हणून विचारतो.” सगळे हसले. होबार्ट हसला नाही.

जुलै महिन्यात थर्मन ब्रॅशियर आपल्या कुरणावर तीन दिवसांचा गाण्यांचा मेळा भरवी. लाकडी गाड्यांवर फळ्या टाकून केलेला मंच, समोर उतरते गवत, आणि गवतावर लोकांनी घरून आणलेल्या घडीच्या खुर्च्या. त्या मेळ्याचा एक अलिखित नियम होता. खुर्ची एकदा मांडली की तीन दिवस तिथेच राही, कोणी तिला हात लावत नसे. पण मंचावरचे गाणे रुचले नाही तर खुर्चीचा धनी मुकाट्याने उठे, आणि कुरणाच्या टोकाला उभ्या केलेल्या मोटारींपाशी जाऊन आपल्यासारख्याच चार जणांबरोबर स्वतःच वाजवू लागे. तिथला प्रत्येक तिसरा श्रोता वाजवणारा. टाळ्या तर सर्वांनाच मिळत. गवय्याचे खरे भविष्य रिकाम्या खुर्च्यांत वाचायचे असे.

ब्रॅशियर सरळ माणूस होता. त्याने शुक्रवारी दुपारी गाडीपाशीच गाठून सांगितले की, आपण होबार्टला वीस वर्षे ऐकत आलो आणि त्याच्या बहिणीचा आपल्याला आदर आहे. परंतु शनिवार संध्याकाळची मुख्य बैठक कोणाला द्यायची हे अजून ठरलेले नाही. नॉक्सव्हिलचा एक ताफा तयार आहे. आज दुपारी ‘बॉइज’नी गावे. खुर्च्या भरलेल्या राहिल्या तर उद्याची संध्याकाळ त्यांची, आणि तिच्यामागून येणारी वर्षभराची आमंत्रणेही बहुधा त्यांचीच. नाही राहिल्या, तर मग बघू. त्या ‘मग बघू’चा अर्थ त्या धंद्यात सर्वांना कळत होता. ताफा मोडला तर लाँझो म्हातारपणी घरी बसेल, डेन्व्हर खाणीत परत जाईल, आणि होबार्टच्या हातातला बासही सुटेल. ऑर्लीनाने गिटारच्या मानेवरचा, पट्टी बदलण्यासाठी तारा दाबून धरणारा चिमटा भावाच्या पट्टीला घट्ट बसवला आणि ती फळ्यांवर चढली.

पहिले गाणे झाले. टाळ्या पडल्या, पावसाचे चार थेंब पडावेत तशा. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर पुढच्या रांगेतला एक टोपीवाला उठला. त्याच्यामागे एक जोडपे उठले. मग मागच्या उतारावरून माणसे अशी सुटू लागली, जशी फाटक्या पोत्यातून मक्याची कणसे. दूर मोटारींपाशी कोणीतरी बँजो छेडला आणि तो मंचावरूनही स्वच्छ ऐकू आला. ऑर्लीना गात होती. शब्द चुकत नव्हते, सूर चुकत नव्हता, आणि तरीही आपण बंद दाराच्या आतून बोलत आहोत असे तिला वाटत होते.

तिसरे गाणे होबार्टचे, ताफ्याचे, किंबहुना साऱ्या मुलखाचे होते. ‘चेस्टनटची धार’ ते गाणे. डोंगराच्या धारेवरची चेस्टनटची थोर झाडे रोगाने उभ्या उभ्या वाळली, त्यांच्या पांढऱ्या सांगाड्यांत उभा राहून एक जण दरीपलीकडच्या आपल्या माणसाला हाक मारतो, एवढीच त्याची कथा. ते नेहमी डेन्व्हरच्या बँजोने उघडे. त्याने मान हलवली आणि बोटे सोडली. धबधब्यासारखे सूर कोसळू लागले. व्हर्जिलचे मँडोलिन त्यात शिरले, फिडलचा गज उठला, ऑर्लीनाने गिटारवर हात टाकला.

बास आला नाही.

ज्याने हे संगीत ऐकले आहे त्यालाच कळेल की, बास नसणे म्हणजे काय. सगळे धावत असतात आणि खाली जमीन नसते. ऑर्लीनाने मागे वळून पाहिले. होबार्ट बासला बिलगून उभा होता. त्याचा डावा तळहात तारांवर सपाट टेकलेला होता. डेन्व्हरला वाटले तो विसरला. त्याने प्रवेशाचे सूर पुन्हा एकदा फिरवले आणि भुवया उंचावल्या. होबार्ट हलला नाही. ऑर्लीनाने मानेने खूण केली, वाजव. होबार्टने मान हलवली, नाही. तो रागावलेला नव्हता. त्याच्या मुद्रेवर तिला जे दिसले ते पाहून तिच्या हातातला ठोका मंदावला. तिथे एका थकलेल्या माणसाची विनवणी होती. ती ज्याला त्याचा मान समजून डोक्यावर वाहत होती, ते त्याच्या मते त्याचेच शव होते. आणि ते तिने खाली ठेवावे, एवढेच तो मागत होता.

मग त्याने तळहात उचलला आणि सर्वांत जाड तार मोकळीच छेडली. एकदा. त्या धावत्या गोंगाटाच्या तळातून एक खोल, गोल स्वर उठला. होबार्टचा मध्यम तो. ऑर्लीनाचा षड्ज.

इतकी वर्षे तो बास तिने पेलला होता, त्या तारेवरून तिचे बोट हजारो वेळा गेले होते. आणि त्या वाद्याची पायाची तार तिच्याच षड्जात बोलते, हे तिच्या कधी ध्यानात आले नव्हते. होबार्टने ती पुन्हा छेडली. फळ्यांतून तो स्वर तिच्या तळपायांत चढला.

सुरू झालेले गाणे थांबवायचे नाही, हा त्या लोकांचा पहिला धर्म. तार तुटो, पाऊस येवो, कोठाराला आग लागो. कडवे पुरे करायचे आणि मग बादली शोधायची. ऑर्लीनाने गिटार सोडून उजवा हात वर केला. व्हर्जिल थांबला, फिडल कुरकुरत थांबले, डेन्व्हर आणखी चार पावले एकटाच धावला आणि मग तोही थांबला. कुरणावर शांतता झाली. उठू पाहणारे काही जण काय बिघडले ते बघायला अर्धवट उभे राहिले.

तिने गिटारच्या मानेवरचा चिमटा काढला आणि झग्याच्या खिशात टाकला. मग ती ध्वनिक्षेपकासमोर आली. उजवीकडे नव्हे, मध्ये.

“मंडळी, ही पट्टी माझ्या भावाची,” ती म्हणाली. “आतापर्यंत मी त्याच्या घरी पाहुणी होते आणि पाहुणीसारखी गायले. आता माझ्या घरी या.”

पुढच्या रांगेतून एका म्हातारीचा आवाज आला, “मग दार उघड लवकर, बये. उन्हात आहोत आम्ही.”

हशा उसळला, आणि त्या हशात पहिल्यांदाच ऊब होती. डेन्व्हर तिच्या कानाशी लागून म्हणाला, “ऑर्ली, या पट्टीत मला याची सुरुवातच येत नाही. सुरू कोण करणार?”

“मी.”

आणि तिने ओळ दिली. वाद्यावाचून, तालावाचून, आपल्या बापाने प्रार्थनामंदिरात दिली असती तशी. पहिला शब्द षड्जावर ठेवून, दुसरा वर फेकून :

“पांढरी झाडं, उभी उन्हात, एकही पान हलेना,
दरीपल्याड माझं माणूस, हाक का त्याला कळेना...”

‘हाक’ या शब्दावर तिचा स्वर जो चढला तो चढतच गेला. आजवर तो भावाच्या स्वरावर वेलीसारखा चढलेला लोकांनी ऐकला होता. आता वेल नव्हती, झाड होते. त्यात ओलावा होता आणि धारही होती, शोक होता आणि त्या शोकाला न जुमानणारी मस्ती होती. तिने तो स्वर धरून ठेवला. समोरच्या टेकडीने तो परत पाठवला, आणि तिने आलेल्या प्रतिध्वनीच्या अंगावरच पुढचा शब्द टाकला. त्याच क्षणी मागून होबार्टचा बास आला, जाड मोकळ्या तारेवर, छातीत ठोका पडावा तसा. व्हर्जिलचे मँडोलिन आले, लाँझोचा गज आला, आणि गाणे सुटले.

आता ते धावले नाही, उधळले. लाँझो त्या पट्टीत तरुणपणी नाचाला वाजवत असे. म्हाताऱ्याच्या गजाला जुने दिवस आठवले. डेन्व्हर पहिल्या फेरीला अडखळला, पडता पडता सावरला, दुसऱ्या फेरीला त्याच्या बोटांना एक आडवाट सापडली आणि तिसऱ्या फेरीला तो त्या आडवाटेवरून असा काही पळाला की, स्वतःशीच मोठ्याने हसू लागला. ध्रुवपद आले. ऑर्लीना मध्ये होती. तिच्यावर चढेल असा गळा आता कोणाकडेच नव्हता, म्हणून डेन्व्हर आणि व्हर्जिल तिच्या दोन्ही बाजूंना आले आणि दोघांनी आयुष्यात प्रथमच वरचा सूर सप्तकभर खाली धरला.

कुरणाच्या टोकाचे बँजो एकेक करून गप्प झाले. मग माणसे दिसू लागली. मोटारींमधून, झाडांखालून, भाजलेल्या डुकराच्या मांसाच्या दुकानावरून. कोणाच्या गळ्यात गिटार, कोणाच्या काखेत फिडल, कोणाच्या हातात अर्धवट खाल्लेला पाव. ती उतारावरून लगबगीने खाली आली, मग धावतच आली. आपापल्या खुर्च्या शोधायला सवड नव्हती. जो तो मिळेल त्या खुर्चीत बसला, आणि बसलेला पुन्हा उठून उभा राहिला. शेवटच्या कडव्यात ऑर्लीनाने ती हाक पुन्हा दिली तेव्हा सगळ्या कुरणाने तिला ओ दिली. त्या क्षणी तिला कळले की, आपण ज्याला मान म्हणत होतो ती गाणे स्वतः सुरू करण्याची भीती होती. ती इतकी लहान होती की तिचे तिला हसू आले.

गाणे संपल्यावर पुढच्या रांगेतली म्हातारी काही बोलली, पण ते कोणालाच ऐकू गेले नाही. ताफ्याला ते गाणे आणखी दोनदा म्हणावे लागले.

ब्रॅशियर मंचामागे आला तेव्हा त्याची टोपी त्याच्या हातात होती. उद्याच्या संध्याकाळबद्दल काही बोलायचे आहे, असे तो म्हणाला. डेन्व्हरने त्याला विचारले की, नॉक्सव्हिलवाल्यांना आता परत पाठवणार का. “पाठवतो कशाला,” ब्रॅशियर म्हणाला, “दुपारी गातील. संध्याकाळ तुमची, आणि खुर्च्या तुम्ही भरून ठेवालच.” मग डेन्व्हरने ऑर्लीनाकडे वळून कबुली दिली की, तिची पट्टी बँजोला मानवत नाही हे आपले म्हणणे खरेच आहे, फक्त बँजोला ते अद्याप कोणी सांगितलेले दिसत नाही.

सर्व पांगल्यावर बहीण-भाऊ गाडीच्या पायरीवर बसले. ॲन्सलने पाठवलेल्या सफरचंदाच्या थरांच्या केकचे दोन तुकडे त्यांच्या हातांत होते. ऑर्लीनाने विचारले की, मी तुझी खूण मानली नसती तर तू काय केले असतेस. होबार्टने घास संपवला.

“उभा राहिलो असतो. बास जड आहे, लवकर पळता येत नाही.”

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. आपल्याला वाटत होते, तुझी पट्टी सोडणे म्हणजे तुला सोडणे, असे ती म्हणाली. होबार्ट तिच्या कानाशी वाकला, कारण आसपास पुन्हा बँजो सुरू झाले होते.

“तू माझ्या वर गात होतीस, तेव्हा मला कधी वाटलं नाही की तू मला सोडून वर गेलीस. आता मी खाली वाजवतो, एवढंच. मी ऐकू येत होतो ना तुला?”

“पायांत ऐकू येत होतास, बब.”

“मग झालं तर.”

दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी ऑर्लीनाने प्रत्येक गाणे स्वतः सुरू केले. त्या उन्हाळ्यापासून पुढे पुष्कळ वर्षे ‘लॉरेल फोर्क बॉइज’ तिच्या षड्जावर उभे राहिले. त्यांच्या नव्या तबकड्या निघाल्या, समुद्रापलीकडून बोलावणी आली. डोंगरातल्या ओसऱ्यांवर गाणाऱ्या मुलींना त्यांचे बाप आणि भाऊ गाणे सुरू होण्याआधी विचारू लागले, की तुझी पट्टी कोणती. होबार्ट अखेरपर्यंत मागे बास धरून उभा होता. त्याला पाहायला लोक मुद्दाम डाव्या बाजूला खुर्च्या मांडत.

ज्यांनी आपली जागा आपल्या हाताने दुसऱ्यास दिली, त्यांच्या हातांना कधी रितेपण न येवो. ज्यांना ती मिळाली, त्यांना तिच्यात उभे राहण्याचे धैर्य लाभो. डेन्व्हरची बोटे, लाँझोचा गज, व्हर्जिलची साथ निरामय राहोत. आणि त्या डोंगरांत जो कोणी अजून दुसऱ्याच्या पट्टीत मिटून गात असेल, त्याच्या कानी त्याचा स्वतःचा षड्ज एखाद्या प्रेमळ हाताने वेळीच घालावा. सर्वांचे कल्याण असो.